वारावरची विद्या

गेल्या जुलै महिन्यांतील गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती आणि मी द्वितीय वर्षाच्या वर्गास किर्चॉफचे नियम समजावून सांगत होतों. हा पाठ आजवर मीं तीस वेळां तरी दिला असेल. विनोद कोठें करावयाचा, फळ्यावरची आकृति कोणत्या क्षणीं पुरी करावयाची, कोणत्या वाक्याला पुढच्या बांकांवरच्या माना डोलतात, हें सारें मला मुखोद्गत झालें आहे. त्या दिवशीं माना डोलल्या नाहींत. उलट शेवटच्या बांकावरचा एक मुलगा शेजाऱ्याच्या कानाशीं लागून म्हणाला, "हे मी काल रात्रीच बघितलंय." अशा वेळीं वर्गांत नेमकी शांतता पसरलेली असावयाची, हा नियम किर्चॉफच्या नियमांइतकाच अबाधित आहे.

"कुठं बघितलंस?" मीं विचारलें.

तो उभा राहिला. मुलगा सभ्य होता. माझी मानहानि करण्याचा त्याचा हेतु नव्हता. "एम. आय. टी.चं लेक्चर आहे, सर. फुकट असतं," तो म्हणाला.

त्यांतला 'फुकट' हा शब्द मला अधिक लागला. महिन्याच्या महिन्याला मला जो पगार मिळतो, त्याचा जणूं कोणी भर वर्गांत हिशेबच मागितला!

रात्रीं जेवण झाल्यावर मीं तो पाठ शोधून काढला. शिकविणारे गृहस्थ अनंत अगरवाल; मंगळूरकडे वाढलेले, मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर, आणि पुढें एम. आय. टी.मध्यें प्राध्यापक झालेले. पहिलीं दहा मिनिटें मी टीकाकाराच्या दृष्टीनें पाहत होतों. पुढें विद्यार्थी होऊन पाहूं लागलों. आणि तास संपला तेव्हां मनाशीं कबूल करावें लागलें कीं हा पाठ माझ्या पाठाहून सरस आहे. शिवाय त्याला एक सोय अशी कीं, समजलें नाहीं तर तो थांबवितां येतो, मागें नेतां येतो, दहादां ऐकतां येतो, आणि दहाव्या वेळींही शिकविणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत नाहीं. माझ्या पाठाला अशी कळ नाहीं. तीच शंका पुन्हां विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी कोणत्या मुद्रेनें पाहतों, हें मला चांगलें ठाऊक आहे. त्या रात्रीं मी बराच वेळ जागा होतों. आपण आतां अनावश्यक झालों आहोंत कीं काय, ही शंका पन्नाशी उलटलेल्या माणसाला बहुधा रात्रीं अकरानंतरच येत असते.

वास्तविक हा प्रकार कालपरवांचा नव्हे. २००१ सालच्या एप्रिलमध्यें एम. आय. टी.नें जाहीर केलें कीं, आपल्या अभ्यासक्रमांचें साहित्य आपण इंटरनेटवरून साऱ्या जगाला मोफत देणार. इंटरनेटवर विद्या विकून किती पैसा मिळेल याचे आडाखे इतर संस्था बांधीत असतां ही घोषणा झाली, हें तिचें विशेष. पुढच्या वर्षीं पन्नास अभ्यासक्रम खुले झाले. २००७ पर्यंत ते सुमारें अठराशें झाले. २००४ सालीं सलमान खान नांवाचा एक तरुण अमेरिकेंत आपल्या नात्यांतल्या, दूर गांवीं राहणाऱ्या एका मुलीला गणित शिकवूं लागला. त्यांतून पुढें खान ॲकॅडमी उभी राहिली. २०११ च्या शरदृतूंत स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन व पीटर नॉर्व्हिग यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा आपला वर्ग सर्वांस खुला केला, तेव्हां सुमारें १,६०,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. पाठोपाठ २०१२ मध्यें युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडेक्स या संस्था निघाल्या, आणि विद्यापीठांच्या भिंती आतां पडल्याच, अशी भाषा सुरू झाली. आपल्याकडेही आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून चालविलेले एन. पी. टी. ई. एल.चे पाठ आहेत, आणि २०१७ पासून सरकारचें 'स्वयम्' आहे. म्हणजे आमच्या गांवच्या एस. टी. स्टँडवर बसलेल्या मुलाच्या खिशांत आज जगांतल्या उत्तमोत्तम अध्यापकांचे वर्ग असतात. माझ्या पाठाची उजळणी त्यानें गाडीची वाट पाहतां पाहतां केलेली असते.

या गोष्टीकडे नाक मुरडणारे माझे कांहीं व्यवसायबंधु आहेत. मला तें जमत नाहीं; कारण मला एक कपाट आठवतें. १९८७ सालीं मी जिल्ह्याच्या गांवीं कॉलेजांत शिकत असतांना आमच्या ग्रंथालयांत फाइनमनच्या भौतिकशास्त्रावरील व्याख्यानांचे तीन लाल खंड होते. ते कांचेच्या कपाटांत असत, आणि त्या कपाटाला कुलूप असे. पुस्तक घरीं मिळावयाचें नाहीं. ग्रंथपालांची मर्जी असेल त्या दिवशीं त्यांच्या टेबलासमोर बसून तासभर पाहावयास मिळे. मीं त्यांतलीं कित्येक पानें शाईच्या पेनानें वहींत उतरून घेतलीं. ती वही माझ्यापाशीं अजून आहे. २०१३ सालीं कॅलिफोर्नियाच्या ज्या संस्थेंत तीं व्याख्यानें झालीं तिनेंच तीं इंटरनेटवर सर्वांस मोफत वाचावयास खुलीं करण्यास आरंभ केला. हें कळलें त्या दिवशीं मी पहिलें पान उघडून नुसता बसून राहिलों. कुलूप नाहीं, ग्रंथपाल नाहीं, मर्जी नाहीं! त्या कपाटापुढें जो कधीं उभा राहिला असेल, तो या नव्या व्यवस्थेची टवाळी करणार नाहीं.

पण उघड्या कपाटापुढें उभा राहून मीं स्वतः काय केलें, तेंही सांगितलें पाहिजे. किर्चॉफच्या प्रसंगानंतर मीं ठरविलें कीं, या विद्येचा अनुभव आपण विद्यार्थी होऊन घ्यावा. हार्वर्डचा प्राचीन ग्रीक वीरांवरचा एक अभ्यासक्रम एडेक्सवर आहे. ग्रीकांची आवड मला लहानपणापासूनची. पोटापाण्याच्या उद्योगांत ती मागें पडली होती. पैसा पडत नाहीं, कोठें जावें लागत नाहीं; मीं मोठ्या उत्साहानें नांव नोंदविलें. चोवीस 'तासांत' विभागलेल्या त्या अभ्यासक्रमाचे पहिले दोन तास एका बैठकींत झाले. तिसरा आठवडाभरानें झाला. चौथ्याच्या वेळीं पाहुणे आले. पाचव्या तासापर्यंत मी कसाबसा पोंचलों; पुढें परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या, आणि मग अकिलीझचा क्रोध जो अर्धवट राहिला तो राहिलाच. आमच्या सौभाग्यवतींनीं दिवाळीच्या सुमारास एकदां, "तुमचे ग्रीक लोक हल्लीं दिसत नाहींत ते?" असें विचारलें, तेव्हां मीं वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें.

या पराभवांत मी एकटा नाहीं, हें पुढें कळून थोडें समाधान झालें. अगरवालांचा तोच विद्युन्मंडलांचा अभ्यासक्रम २०१२ सालीं एडेक्सचा पहिला अभ्यासक्रम म्हणून निघाला. नांवें नोंदविलीं सुमारें १,५५,००० लोकांनीं. शेवटपर्यंत जाऊन उत्तीर्ण झाले सात हजारांवर थोडे. पुढील वर्षांत हें प्रमाण सुधारेल अशी आशा होती. पण २०१९ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत हार्वर्ड व एम. आय. टी. यांच्या अशा अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला, तेव्हां दिसलें कीं शेवटास जाणारे २०१७-१८ मध्यें शंभरांत तीनच होते. न्यायानें बोलावयाचें तर हेंही म्हटलें पाहिजे कीं, नांव नोंदविणारे सारेच कांहीं शेवटास जाण्यासाठीं येत नाहींत. कित्येक डोकावून जातात. आणि सात हजार म्हणजे थोडे नव्हेत. माझ्या साऱ्या नोकरींत माझ्या हाताखालून तितके विद्यार्थी गेले नसतील. तेव्हां मला खटकतो तो आंकड्याचा लहानपणा नव्हे. शेवटास कोण जातात, हा प्रश्न मला खटकतो.

आमच्याकडे कालव्याचें पाणी ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें उत्तर शोधावयास दूर जावें नको. नाशिकचें मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें तें 'ज्ञानगंगा घरोघरी' हें ब्रीद घेऊन. ब्रीद थोर आहे. पण गंगा घरोघरीं न्यावयाची म्हणजे पाट काढावे लागतात, आणि पाटाचा धर्म असा कीं, ज्याचें शेत मुखाशीं त्याचा ऊस आधीं भिजावयाचा. शेवटच्या टोंकाच्या शेतकऱ्याला आमच्याकडे 'टेलवाला' म्हणतात. पाणी सुटल्याचें वर्तमानपत्रांत तोही वाचतो. चारीला मात्र ओल नसते. २०१३ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें आपल्या मोफत अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हां आढळलें कीं त्यांतील बहुतेकांपाशीं पदवी आधींच होती. आणि भारत, चीन, ब्राझील अशा देशांतूनही जे येत होते ते बहुतांशीं त्या त्या समाजाच्या वरच्या, शिकल्यासवरल्या थरांतलेच होते. म्हणजे मुखाजवळचेच मळे पुन्हां भिजले. माझेंच उदाहरण घ्या. ग्रीक वीरांवांचून माझें कांहीं अडलें नव्हतें. तरी तें पाणी माझ्या दारांत आलें, आणि मीं तें वाहून जाऊं दिलें.

मग टोंकाचें शेत कधींच भिजत नाहीं काय? भिजतें, आणि कसें भिजतें हें पाहण्यासारखें आहे. त्या पहिल्याच विद्युन्मंडलांच्या परीक्षेंत ज्या थोड्यांना पूर्ण गुण मिळाले त्यांत मंगोलियांतील उलान बातोर येथला पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. त्याची कथा जगभर गाजली; पुढें त्याला एम. आय. टी.त प्रवेशही मिळाला. मोफत विद्या जगाच्या कोपऱ्यांतलें रत्न कशी शोधून काढते याचा दाखला म्हणून ती कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि तो दाखला खराही आहे. परंतु त्या कथेंतला दुसरा भाग सांगणारे थोडे. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम. आय. टी.चे पदवीधर होते. हा अभ्यासक्रम आपल्या मुलांनीं करावा हें त्यांनीं मनावर घेतलें. त्यांच्या बोलावण्यावरून स्टॅनफर्डचा एक तरुण उपकरणें घेऊन तेथें आला, आणि आठवडेच्या आठवडे मुलांबरोबर बसून त्यांच्या हातून प्रयोग करून घेत राहिला. व्याख्यान बॉस्टनकडून आलें हें खरें, पण "काल सांगितलेलें झालें का?" हा प्रश्न विचारणारा माणूस उलान बातोरांत होता.

याहूनही मौजेची हकीकत सुगत मित्र यांच्या प्रयोगाची. १९९९ सालीं त्यांनीं दिल्लींत कालकाजी येथें एका भिंतींत भोंक पाडून संगणक बसविला. पलीकडच्या झोपडपट्टींतलीं मुलें कोणी न शिकवितां तो चालवावयास शिकलीं. गुरूची गरजच नाहीं, असा निष्कर्ष त्यावरून पुष्कळांनीं काढला. पण मित्रांनीं पुढें तामिळनाडूंतील कळिकुप्पम या खेड्यांत जो प्रयोग केला त्याचा बोध निराळा आहे. तेथल्या मुलांनीं इंग्रजींतून जीवशास्त्राचा एक अवघड विषय आपला आपण संगणकावरून शिकावयाचा होता. मुलें शंभरांत तीस गुणांपर्यंत आलीं आणि तेथें अडलीं. मग एका तरुण व्यक्तीला त्यांच्या मागें उभें केलें. तिला तो विषय मुळींच येत नव्हता. तिनें फक्त आजीसारखें कौतुक करावयाचें: "अरे वा! हें काय आहे? मला सांग बरं." गुण तिसांचे पन्नास झाले.

हें वाचतांना मला माझ्या वडिलांच्या मंगळवारच्या काकूंची आठवण झाली.

माझे वडील मिरजेस वारावर जेवून शिकले. आजच्या मुलांना वार म्हणजे काय हें सांगावें लागतें. गरीब विद्यार्थ्याला गांवांतलीं सात घरें सात दिवस वांटून देत. सोमवारीं एका घरीं जेवण, मंगळवारीं दुसऱ्या. वडिलांनीं त्या घरांचीं आडनांवें कधीं सांगितलीं नाहींत. ते वारांवरूनच बोलत. सोमवारच्या घरीं जेवण उत्तम असे, पण पानावर कोणी बोलत नसे. मंगळवारच्या काकूंचें घर बेताचें. भाकरी आणि आमटी. पण भाकरी पानांत पडण्यापूर्वीं त्या विचारीत, "आज काय शिकलास?" काकू स्वतः शाळेंत गेलेल्या नव्हत्या. भूमितीचें प्रमेय सांगितलें काय आणि रूपावलि म्हटली काय, त्यांना दोन्ही सारखींच. पण त्या ऐकत. एकदां वडील शाळा चुकवून नदीवर पोहावयास गेले होते. त्या दिवशीं त्यांनीं जुनाच धडा नवा म्हणून सांगितला. काकूंनीं मुकाट्यानें वाढलें, आणि वाढतां वाढतां म्हणाल्या, "हा धडा मागच्या मंगळवारीं झाला होता." वडील सांगत कीं, पुढें आयुष्यांत अनेक परीक्षकांपुढें ते बसले, पण त्या परीक्षेची दहशत कशाला आली नाहीं.

या आठवणींत मी रमतों, पण तिला एक काळी कड आहे ती झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. मंगळवारच्या काकू विचारीत असत खऱ्या, पण त्यांच्या ओसरीपर्यंत कोण येऊं शकत असे? माझे वडील त्या जातींत जन्मले होते म्हणून त्यांना तें पान मिळालें. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याहून हुशार अशा कितीतरी मुलांना त्या दारांत 'कोण रे तूं?' एवढाच प्रश्न विचारला गेला असता. ही भिंत ओळखूनच भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ पासून साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एका वसतिगृहांत एकत्र जेवूं लागलीं. तेथें वार नव्हता. मुलें श्रम करून शिकत. आणि तेथेंही विचारणारें माणूस होतेंच. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, हें महाराष्ट्राला ठाऊक आहे.

या दोन आठवणी शेजारीं ठेवल्या म्हणजे आजच्या मोफत विद्येचें थोरपण आणि उणेपण एकाच वेळीं दिसतें. पडदा कोणाची जात विचारीत नाहीं, वय विचारीत नाहीं, बापाचा धंदा विचारीत नाहीं. हें त्याचें थोरपण. पण तो कांहींच विचारीत नाहीं, हें त्याचें उणेपण. जुन्या ओसरीवर नको तो प्रश्न विचारला जाई आणि हवा तोही विचारला जाई. आपण नको तो काढून टाकला, आणि त्याच्याबरोबर हवा तोही गेला.

हें मला कोणा तत्त्वज्ञानें शिकविलें नाहीं. आमच्याच वर्गांतल्या एका मुलीनें शिकविलें. ती जत तालुक्यांतली. तिच्या घरीं कॉलेजांत आलेली ती पहिलीच. डिसेंबरांत ती माझ्या खोलींत आली आणि म्हणाली कीं, एन. पी. टी. ई. एल.चा एक अभ्यासक्रम तिनें दोनदां सुरू केला आणि दोन्ही वेळां तिसऱ्या आठवड्यांत सुटला. मला वाटलें, इंग्रजी अडत असेल. मीं समजावून देऊं लागलों. तिनें मान हलविली. "समजत नाही असं नाही, सर. पण माझं राहून गेलं, तर ते कुणाला कळतच नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही शुक्रवारी मला नुसतं विचाराल का?"

तीस वर्षांत इतकी स्वस्त मागणी माझ्यापाशीं कोणी केली नव्हती. शुक्रवारचा वर्ग असा सुरू झाला. पुढच्या सत्रांत अकरा मुलें आलीं. किर्चॉफवाला मुलगाही आला. पांच वाजल्यानंतर प्रयोगशाळेंत बसावयाचें, आठवड्याचा पाठ पडद्यावर लावावयाचा, कोणीही हात वर केला कीं थांबवावयाचा. व्याख्यान दुसऱ्याचें, मी फक्त विचारणारा. प्रारंभीं मला तें कमीपणाचें वाटलें. मग लक्षांत आलें कीं, शिकविण्याच्या घाईंत मीं वर्षानुवर्षें मुलांचें बोलणें ऐकलेंच नव्हतें. एकदां कपॅसिटरमध्यें विद्युद्भार आधीं झपाट्यानें आणि मग मंद मंद कां भरतो, हें कोणास उमगेना. पडद्यावर समीकरण होतें. तें सर्वांनीं उतरून घेतलें होतें. तेव्हां ती जतची मुलगी मराठींत म्हणाली, "दोन टाक्या बारीक नळीनं जोडल्या, एक भरलेली, एक रिकामी, तर पाणी आधी जोरात जातं. मग दुसरीकडची पातळी वर येते, तसं रेंगाळतं. टँकरचं पाणी आमच्याकडं असंच काढतात." सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उजेड पडला. बॉस्टनच्या पाठांत ती टाकी नव्हती; माझ्याही नव्हती.

अकरांपैकीं सात जण परीक्षेस बसले आणि पांच उत्तीर्ण झाले. यावरून मोठा सिद्धांत मांडावा असें नाहीं. पण शंभरांत तीन आणि अकरांत पांच यांतलें अंतर कोणत्या वस्तूनें भरून निघालें, हें मला ठाऊक आहे. आणि ती वस्तु विकत मिळत नाहीं.

मिळत नाहीं म्हणूनच मला थोडी भीति वाटते. जें फुकट आहे त्याचा खर्च कोणी तरी करीत असतो, आणि करणाऱ्याचा हात आंखडला म्हणजे त्याचें रूप पालटतें. एडेक्स ही हार्वर्ड व एम. आय. टी. यांची लोकार्थ चालविलेली संस्था. २०२१ सालीं ती ८० कोटी डॉलरांस एका व्यापारी कंपनीस विकली गेली, आणि २०२४ सालीं त्या कंपनीला कर्जापायीं दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. पाठ पाहणें कोठें कोठें अजून फुकट आहे. प्रमाणपत्र मात्र बहुतेक ठिकाणीं पैशांनींच मिळतें. आपल्याकडे धोका निराळ्या बाजूनें आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें एका सत्रांतील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला 'स्वयम्'वरून पुरे करतां येतात. नियम उदार आहे. मला तो आवडतो. पण आज कितीतरी कॉलेजांतून अध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि तासागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या तरुणांच्या खांद्यावर वर्ग चालले आहेत. उद्यां एखाद्या काटकसरी हिशेबनीसानें म्हणावें कीं, पडदा आहे, मग माणूस कशाला? त्या दिवशीं पडद्याचा दोष नसेल, पण टोंकाचें शेत कायमचें कोरडें पडेल.

माणसावांचून पडदा कसा असतो, हें आपण २०२० सालीं पाहिलें. जगांतल्या दीडशें कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा-कॉलेजें तेव्हां बंद होतीं. मी रोज सकाळीं पासष्ट काळ्या चौकोनांना भौतिकशास्त्र शिकवीत असें. प्रत्येक चौकोनाखालीं नांव असे. आंत कोणी आहे कीं नाहीं, हें समजावयास मार्ग नसे. मागाहून कळलें कीं, कोणी रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसत होतें, आणि कोणाच्या घरीं तीन भावंडांत मिळून एकच मोबाइल होता. वर्गांत मीं हजेरी घेतली होती. पण मंगळवारच्या काकूंच्या अर्थानें मीं कोणाला कांहीं विचारलेंच नव्हतें.

माझा किर्चॉफवाला विद्यार्थी म्हणतो कीं, आतां विचारणारें यंत्रही निघालें आहे. खान ॲकॅडमीनें २०२३ पासून तसा एक यांत्रिक शिकवणीवाला काढला आहे. तो उत्तर न देतां उलट प्रश्न विचारतो, आणि मोठ्या धीरानें विचारतो. मीं तशीं यंत्रें वापरून पाहिलीं. त्यांचा धीर मला नाहीं, हें कबूल. पण शुक्रवारीं मी गेलों नाहीं तर त्या यंत्राला चुकल्यासारखें वाटत नाहीं, आणि त्याला वाटत नाहीं हें मला ठाऊक असतें. मंगळवारच्या काकूंना वडिलांनीं फसविलें तेव्हां त्यांना लाज वाटली, ती काकू हुशार होत्या म्हणून नव्हे. आपल्यासाठीं कोणी तरी भाकरी ठेवून वाट पाहत होतें, म्हणून.

मागच्या शुक्रवारीं वर्ग संपला, मुलें दप्तरें आवरूं लागलीं. माझ्या ग्रीक वीरांची फजिती मीं त्यांना पूर्वीं एकदां गमतीनें सांगितली होती. जतची मुलगी दारापर्यंत गेली, आणि मागें वळून म्हणाली, "सर, तुमचा सहावा तास झाला का?"

मीं वर्तमानपत्र शोधलें. प्रयोगशाळेंत तें नव्हतें. "या आठवड्यांत करतो," मीं म्हटलें.

"मग मी पुढच्या शुक्रवारी विचारते," ती म्हणाली, आणि गेली.

त्या रात्रीं जेवणानंतर मीं सहावा तास लावला. अकिलीझ अजून रागांतच होता.